रविवारी कोणीच आलं नाही

प्रिय आईस, प्रभूच्या नावाने सलाम.

मी बरी आहे, पोटभर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

इथे माझ्या खोलीवर आमच्या रविवारच्या प्रार्थनेला येणाऱ्या ड्रायव्हरदादांची आजारी बायको गेली. आम्ही सगळ्यांनी देवाला किती विनवलं होतं! तेव्हापासून एकेक जण यायचा बंद झाला. मी दादांकडे गेले, तर म्हणाले, "आता कुणासाठी मागायचं, ताई?" त्यांची खरकटी भांडी घासली आणि परत आले.

रविवारी माझ्या खोलीत सतरंजी अंथरून वाट पाहिली. मग एकटीनेच प्रार्थना केली. आमेन म्हणायला दुसरा आवाज नव्हता, तेव्हा रडूच फुटलं.

आई, घरी प्रार्थनेला बसता तेव्हा माझं नाव घेत जा. मला आता स्वतःसाठी मागता येत नाही.

तुझीच,
धाकटी