नाताळानंतरचे बुधवार

आई, आज देवळात भांडून आले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुनाशी भांडलीस त्ये ऱ्हाऊ दे, कुनाला सोडलंस त्येवढं सांग." या वेळी कुणालाच सोडलं नाही. नाताळच्या दिवशी आमच्या सांगलीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मांडव घालून खुर्च्या टाकल्या होत्या, गव्हाणीसमोर फोटो काढायला रांग होती. आणि आज, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, उपासना घेणाऱ्या पाळकांना धरून अकरा माणसं. दारावरची चांदणी अजून तशीच लटकते आहे, ती उतरवायलाही कुणी फिरकलेलं नाही. उपासना संपल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "येशूच्या वाढदिवसाला जेवून गेलात, आता त्याची ओळखही राहिली नाही का?" न आलेल्यांचा राग मी आलेल्यांवर काढते आहे हे बोलतानाच कळत होतं, पण थांबले नाही. पाळक पोरसवदा आहेत. म्हणाले, "मावशी, माणसं ओढून तर आणता येत नाहीत." मी म्हटलं, "कधी ओढून पाहिलंत?"

तेवढ्यात गाण्याची पुस्तकं गोळा करणारी एक नर्स मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, नाताळात आपण कॅरल गायला गेलो तेव्हा मागच्या गल्लीतल्या आजींना तुम्ही म्हणाला होतात, दर बुधवारी येऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवीन. त्या बुधवारी दुपारभर दार उघडं ठेवून बसतात हो." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. ही आजी कवठे महांकाळकडची, डोळे गेले म्हणून मुलाकडे राहायला आलेली. मी तिच्याकडे एकदाच गेले. मग दोन बुधवार चुकवले. गुडघे दुखतात, असं सगळ्यांना सांगितलं.

घरी येईपर्यंत त्या मुलीचा राग आला होता, आणि मग साताऱ्याचा तो दिवस आठवला. तू मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया. मी दहा वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये जाणारी, नाताळचा लाल फ्रॉक अजून अंगावरून न उतरवणारी. सुट्टीच्या दिवशी तू मला वॉर्डात नेतेस, कारण तुला वाचता येत नाही आणि कुणा एका बाईला शास्त्र ऐकायचं आहे. मी कुरकुरते, "नाताळ झाला ना आता? मग कशाला?" तू नळाखाली दुपटी पिळते आहेस. मान वर न करता म्हणतेस, "आगं, लेकरू जलमलं म्हंजी काम सपलं व्हय? टोपडं घिऊन समदी येत्यात. म्हैनाभर दुपटी धुवाया कोन ऱ्हातंय?" मला लाज वाटली. वर्गात सिस्टरांनी बाळ येशूला आणलेल्या भेटी, सोनं, ऊद आणि गंधरस, हे सगळं इंग्रजीतून पाठ करून घेतलेलं, आणि माझी आई तान्ह्या येशूची दुपटी काढते आहे! त्यानंतर मी शेकडो प्रवचनं ऐकली. जानेवारीत कुणी काय करायचं हे इतकं सरळ कुणी सांगितलं नाही.

गुडघे खरंच दुखतात, पण आजीकडे न जाण्याचं कारण ते नाही. त्या पहिल्या बुधवारी मी एक अख्खा अध्याय वाचला, स्पष्ट, शाळेत शिकवल्यासारखा. पुस्तक मिटलं. आजीनं हात जोडले आणि म्हणाली, "आवं बाई, आता माझ्यासाठनं द्येवाशी दोन सबुद बोला की." मला एकही शब्द येईना. शेवटी लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हटली, चहाला थांबले नाही, चपला घातल्या. ती एवढंच म्हणाली, "लय ग्वाड वाचताय." एकोणसत्तर वर्षांची झाले, आई. अख्ख्या मंडळीला फैलावर घेता येतं मला. पण दुसऱ्या माणसासमोर देवाशी आपल्या शब्दांत बोलणं मी जन्मात केलेलं नाही. तू त्या बायांच्या पायांवर हात ठेवून, शेजारणीशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायचीस. मी शास्त्र धरून खिडकीबाहेर बघत राहायचे, कुणी ओळखीचं येत तर नाही ना म्हणून. गैरहजर माणसं मोजायला मी आज उभी राहिले, आणि या बाबतीत मीच पन्नास-साठ वर्षं गैरहजर आहे.

बुधवारला अजून तीन दिवस आहेत. जाणार आहे. हे पत्र टाकणार कुठं, तुला जाऊनच तीस वर्षं झाली. आणि असतीस तरी मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, तेवढं धैर्य माझ्यात नाही. आत्ताच स्वयंपाकघराचं दार लावून एकटीनं सराव करून पाहिला. "देवा" एवढंच म्हणून झालं.