राखीव खेळाडूची आई

कॉव्हेंट्री
मंगळवार, १३ मे २००३

प्रिय यतीन,

आईचं पत्र, तेही मराठीत आणि एवढं जाडजूड, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. सकाळपासून टोमॅटोच्या रोपांना इंग्रजीत रागावताहेत. मराठीत अशासाठी लिहितेय की इंग्रजीत मी फार सभ्य होते. सव्वीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर सॉरी आणि लव्हली म्हणत काढली, त्या भाषेत खरं बोलायची मला सवयच राहिली नाही. तू अक्षरं जुळवत वाचशील, तोवर चहा गार होईल. होऊ दे. पण अडलास तरी वैभवीला हाक मारू नकोस. हे तुझं तूच वाच.

रविवारी सूनबाईचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती रडकुंडीला आली होती. तू जेवत नाहीस, रात्र रात्र सोफ्यावर बसून असतोस, आणि या शनिवारी मॅचच्या आधीच कोचला सांगणार आहेस की बस झालं, आता खेळणार नाही. का, ते तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालास म्हणे, माझा चूक आहे. गेल्या वर्षी बेंचवर बसून तू मनात म्हणाला होतास, लेमारचा पाय मुरगळू दे, जस्ट अ लिटल, दोन आठवडे पुरे. आणि लेमार पडला तो उठलाच नाही. हे तू वर्षभर एकट्यानं पोटात ठेवलंस. माझ्या पोटात काय आहे ते तुला ठाऊक असतं तर ठेवलं नसतंस.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा ते हेल्मेट घरी आणलंस तेव्हा बाबांनी त्यात कांदे भरून ठेवले होते? आम्हाला वाटलं, रग्बीचंच काहीतरी आहे, थंडीपुरतं. शाळेपासून तू अंगानं दांडगा, जिन्यावरून उतरलास की शेजारच्या बाईंची कपाटं वाजायची. मग पार्कातल्या हौशी टीममधून तुला थेट पगारी टीममध्ये घेतलं, तेव्हा मी सगळ्या मंडळात पेढे वाटले. अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगची ही युरोपातली धाकटी पाती, प्रत्येक टीममध्ये चारदोन इथली मुलं ठेवायची अशी अट, त्यातला तू एक, हे मला पुढे हळूहळू कळलं. तुझं काम काय, तर आपल्या बाजूच्या पहिल्या रांगेत मधोमध वाकून उभं राहायचं, समोरच्या दोघा धटिंगणांना रेटायचं आणि चेंडू फेकणाऱ्यापर्यंत पोचायचं. पण त्या जागेवर आधीच कोणीतरी असे. तू त्याच्या मागचा. तो दमला, दुखावला, तर तू.

चार सीझन, यतीन. चार सीझन मी मॅच बघायला येत नव्हते, बेंच बघायला येत होते. बाबा दुर्बिणीतून खेळ बघायचे आणि मी तुझी पाठ. तू पाण्याच्या बाटल्या पुढे करायचास, दुसऱ्यांच्या पाठीवर थापा मारायचास. सामना संपला की सगळ्यांच्या पँटी चिखलानं माखलेल्या आणि तुझी मात्र इस्त्रीतून काढल्यासारखी पांढरी. गेल्या वर्षी मेच्या पहिल्या शनिवारी शेवटची शिट्टी व्हायला दोन मिनिटं होती आणि तू खाली वाकलास. मला वाटलं बूट बांधतोयस. तू गवतातला चिखल मूठभर उचललास आणि दोन्ही गुडघ्यांना चोळलास, मग इकडेतिकडे बघितलंस. नंतर आमच्याबरोबर फोटोला उभा राहिलास तेव्हा बाबा म्हणाले, वा, आज मैदानात उतरवलेलं दिसतंय! तू हसलास. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. तुझ्यासाठी इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्या रडण्यात लेमारचा राग होता हे आज लिहून टाकते.

आणि लेमारवर रागवावं असं त्याच्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. तुझ्या पुढे त्या जागेवर खेळणारा, अमेरिकेतल्या अलाबामाचा एवढा थोरला मुलगा, हॉटेलातलं खाऊन कंटाळलेला, तू त्याला मॅचच्या सकाळी घरी आणायला लागलास. पोहे म्हणजे परातभर लागायचे. मिस सुचेता, मिस सुचेता करत फोडणीचा वास घ्यायला गॅसपाशी येऊन उभा राहायचा. पहिल्याच दिवशी मी निघताना तुझ्या तळव्यावर दही घातलं तर त्यानं विचारलं, हे काय. तू सांगितलंस, महत्त्वाच्या कामाला निघताना आई हातावर दही देते, काम फत्ते होतं. त्यानं लगेच उजवा हात पुढे केला. केवढा तो तळवा! माझा चमचा त्यात औषधाचा वाटला. त्या दिवशी तुम्ही जिंकलात, आणि मग काय, हे खेळाडू तुमचे माझ्या आजीपेक्षा भोळे. दही घेतल्याशिवाय तो घरातून पाऊल टाकेना. गाडीत बसलेला परत यायचा, हात पुढे करून उंबऱ्याशी गुमान उभा राहायचा, लहान मुलासारखा डोळे मिटून.

मग तो अकरा मेचा शनिवार. तुला दही दिलं, तू बॅगा घेऊन गाडीकडे गेलास. लेमार हॉलमध्ये त्याच्या आईशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो आला आणि नेहमीसारखा हात पुढे केला. मी म्हटलं, ऑल गॉन, लव्ह. संपलं आज. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग हसून मूठ मिटली आणि गेला. आणि यतीन, वर एअरिंग कपबोर्डमध्ये गरम पाण्याच्या टाकीशेजारी आदल्या रात्री लावलेलं दह्याचं मोठं पातेलं तसंच होतं, भरलेलं, कापावं असं घट्ट. मला काही त्याचं वाईट करायचं नव्हतं. एवढंच वाटलं, आज नको देऊया. आज फक्त माझ्या मुलाला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो पडला. पुढचं तुला माहीत आहे, तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. मला जे माहीत आहे ते तुला नाही. तुझं नाव पुकारलं, तू धावत आत गेलास, आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. स्ट्रेचर अजून मैदानाच्या कडेला होतं. त्याचा उजवा हात खाली लोंबत होता, मूठ मिटलेली. बाबांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. त्यानंतर आजतागायत त्यांनी त्या टाळ्यांचा विषय काढलेला नाही. त्या दिवशी तू समोरच्या टीमच्या चेंडू फेकणाऱ्याला दोनदा लोळवलंस, पेपरात नाव आलं, आणि तू पहिल्या फळीत गेलास.

बाबांना त्याच आठवड्यात दह्याचं सांगितलं. ते म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. त्यांचंही बरोबर आहे. मी स्वतःला हेच बजावत राहिले. पण या एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि पहिल्या मॅचच्या सकाळी, चांगलं लख्ख ऊन असताना, पुढच्या दाराची काच काळवंडली. त्या खडबडीत काचेतून माणूस धूसर दिसतो हे तुला माहीत आहे. पण पोस्टमन दिसतो तेवढा कडेचा उजेड तरी दिसतो. इथे कडाही उरल्या नव्हत्या. बेल वाजली नाही. मी पोह्याला फोडणी दिलेली तशीच टाकून बघत राहिले. साडेआठला काच पुन्हा उजळली. पायऱ्यांवर कोणी नव्हतं, दुधाच्या बाटल्या जागच्या जागी होत्या. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. पुढच्या मॅचच्या शनिवारी पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी बाबा तिथेच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, अगं, कोण ताटकळलंय, दार उघड. मग त्यांनी स्वतःच चष्मा काढून दाराकडे पाहिलं आणि पेपर मिटून ठेवला. आताशा मॅचच्या दिवशी ते साडेसातलाच अलॉटमेंटवर, त्या भाजीच्या वाफ्यांवर, निघून जातात, मागच्या दारानं. मी अजून एकदाही दार उघडलेलं नाही. तू आलास की तूही हल्ली मागच्या दारानं येतोस आणि दह्यासाठी हात पुढे करत नाहीस, आणि का ते आपण दोघंही एकमेकांना विचारत नाही.

मी लेमारच्या आईला अलाबामाला महिन्यातून एकदा फोन करते, हे तुला सांगितलं नव्हतं. फोलशिल रोडवरच्या दुकानातून फोनकार्ड आणते आणि वीस मिनिटं बोलते. चांगली बाई आहे. मानेखाली त्याला काही हलवता येत नाही, पण बोलतो, टीव्ही बघतो, तुझ्या मॅचचे निकाल विचारतो. तुझं नाव आलं की खूश होतो. गेल्या मंगळवारी ती म्हणाली, एक विचारू का, हसू नका. शनिवारी पहाटे, तिकडच्या अडीचला, तो जागा होतो आणि म्हणतो, मॉमा, माझा उजवा हात उघड. ती बोटं एकेक करून सरळ करते, आणि तो तळवा वर करून ठेवायला सांगतो. थोड्या वेळानं म्हणतो, राहू दे, आज पण नाही. मी गणित केलं. आपल्याकडे तेव्हा साडेआठ वाजतात. तिला वाटत होतं हे औषधांमुळे असेल. मग ती हसत म्हणाली, आणि हो, दाराला हिरवा रंग छान दिसतो असं तुम्हाला सांगायला सांगितलंय त्यानं. यतीन, बाबांनी दार फेब्रुवारीत रंगवलं. मी तिला कधी बोलले नव्हते. तू बोलला असशील तर मला सांग. मी देवाजवळ मागतेय की तू बोलला असावास.

आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. आज मंगळवार, मॅच नाही, बाहेर ऊन आहे, आणि दोन ओळींपूर्वीपासून हॉलमध्ये दिवा लावावा इतकं अंधारलंय. मी दाराकडे पाठ करून लिहितेय. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसंही असेल. पण या अंधारात अक्षर बिघडलं तर समजून घे.

आता हे सगळं आज का, ते सांगते. फोन ठेवायच्या आधी तिनं रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला. वर्षभरात तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. त्यानं एकच विचारलं, खरंच संपलं होतं का, मिस सुचेता? रागानं नाही, अगदी साधं. मी म्हटलं, मी येऊन सांगते. परवा गुरुवारी मी निघतेय. बाबांनी तिकीट काढलंय, त्यांना वाटतं आजारी माणसाला भेटायला जातेय. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या पलंगाशी बसून सांगणार आहे की नव्हतं संपलं, पातेलं भरलेलं होतं, आणि मी मुद्दाम दिलं नाही. पण त्याला कळायच्या आधी ते तुला कळायला हवं होतं, आणि माझ्याकडूनच, म्हणून हे पत्र. ऐकल्यावर तो मला काय म्हणेल, शनिवारी पुन्हा कोणाच्या दाराशी उभा राहील, की कुठेच नाही, मला ठाऊक नाही. तू जे म्हणालास ते मनात म्हणालास. बेंचवर बसलेला जगातला प्रत्येक मुलगा ते म्हणतो. मी तोंडानं म्हणाले, त्याच्या डोळ्यांत बघून, आणि वर टाळ्या वाजवल्या. तू खेळणं सोडलंस तर यातला अर्धा वाटा तू उचललास असं होईल, आणि बाळा, इतकी वर्षं मी तुला माझ्या ताटातलं काढून वाढत आले, पण हे मी तुला वाढणार नाही. हे माझं एकटीचं आहे. शनिवारी मैदानात उतर.

तुझीच,
आई