मऊ आवाज

३ नोव्हेंबर
पोचले बाप्पा एकदाची भोपाळला! अरेरा कॉलनीतलं घर झकास आहे. मोठी गच्ची, दारात पारिजातक. माणसं तीनच: मी, ओंकार आणि माझे सासरे अरविंदराव. मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे माझ्या नागपुरी 'काहून'ला दोघंही पोट धरून हसतात, पण मायेनं. ओंकारचं महाराणा प्रताप नगरात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. घरातले दिवे, पंखे, दारांची कुलुपं, सगळं मोबाईलवर चालतं. बाबांना ऐकू कमी येतं, वर हृदय नाजूक. म्हणून त्यांच्या कानांत दिवसभर छोटी यंत्रं असतात. ओंकारही घालतो. स्वतः वापरल्याशिवाय गिऱ्हाइकाला काय सांगणार, म्हणतो. गच्चीवरच्या खोलीत एक डबा आहे, त्याच्यामार्फत सगळा आवाज त्यांच्या कानांत जातो, आणि मोठा आवाज मऊ होऊन जातो म्हणे. बरंच आहे! माझा आवाज म्हणजे ताशा. आईला कमी ऐकू येतं ना, लहानपणापासून ओरडूनच बोलायची सवय. सोमवारपासून ओंकारच्या दुकानाजवळच्याच कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायला जाणार. आपली पहिली नोकरी!

७ नोव्हेंबर
काल यंत्रांना अपडेट आलं. अपडेट म्हटलं की ओंकार पूजेला बसल्यासारखा बसतो, हाक मारली तरी ओ देत नाही. आज जेवताना दोघं ताटावरच हात धुऊन उठले. मी म्हटलं, ताटं उचलायला मी काय मोलकरीण आहे का? तर बाबा प्रसन्न हसले. म्हणाले, सूनबाई एवढा आग्रह करते आहे तर संध्याकाळी पुन्हा हीच भाजी कर. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ओंकारही मान डोलावत होता.

९ नोव्हेंबर
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. ओंकारनं कोचिंगला फोन करून कळवलं की मॅडम येणार नाहीत. का, तर म्हणे मीच काल म्हणाले, घरच बरं! मी काय म्हणाले होते? नोकरी सोडायची वेळ आली तर आधी तुला सोडीन, असं म्हणाले होते. आज तेच पुन्हा घसा फाडून सांगितलं. त्यानं माझा गाल थोपटला.

मग मी त्याच्या कानातली यंत्रं उपटून काढली आणि परत सांगितलं. या वेळी त्याला ऐकू गेलं. पांढराफटक पडला. आणि मग माझ्या हातातून यंत्रं घेतली, पुसली, पुन्हा कानात घातली. तुझा आवाज टोचतो, म्हणाला.

म्हणजे याला माहीत आहे. सगळं माहीत आहे मेल्याला! जुनं सॉफ्टवेअर परत टाक म्हटलं, तर थँक्यू म्हणाला.

११ नोव्हेंबर
बाबांपुढे चिठ्ठी धरली. ओंकारनं मधेच घेतली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. बाबांना त्रास होतो, म्हणाला. आणि मला? मला काय होतं?

आईला फोन केला. तिला शब्द कळले नाहीत, कधीच कळत नाहीत, पण माझा सूर कळला. काहून अशी बोलतेस, म्हणाली. येते म्हणाली. शुक्रवारी. एवढं एकच माणूस आहे माझं.

१४ नोव्हेंबर
आई आली. मी चहा ओततेय तोवर ओंकारनं जावयाची भेट म्हणून तिच्या कानांत यंत्रं घातलीसुद्धा. धावत गेले, ओरडले, काढ ते, काढ! आईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, किती वर्षांनी तुझं बोलणं इतकं स्वच्छ ऐकलं, सुखी आहेस म्हणालीस, भरून पावले.

तिचे हात कानांवर घट्ट. काढू देईना.

ही वही तिला वाचायला देणार. आधी वर जाऊन तो डबा फोडते.

गच्चीवरची खोली
दार मागे आपोआप लागलं. उघडत नाही. मोबाईल खालीच राहिला. कुलपावर अक्षरं फिरतायत — अपडेट चालू आहे, कृपया थांबा. कृपया म्हणे!

डबा आपटला. फुटला नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पडला — ठिणग्या — आता धूर येतोय. डब्याचा हिरवा दिवा तसाच चालू.

खिडकीला जाळी. खाली अंगणात आई, बाबा, ओंकार. ओरडतेय. आग, आग, आई, दार उघड —

आई वर बघून हसतेय. ओंकारला सांगतेय, ही कधी गात नव्हती हो, सासरी येऊन गायला लागली —

बाबा ताल धरतायत —

ओंकारच्या कानांत काही नाही. यंत्रं त्याच्या हातात आहेत. तो ऐकतोय. वर बघतोय. धूर दिसतोय त्याला —

एक कानात घातलं. दुसरं —

मेल्या —

जाळीचा कोपरा वाकला. वही जाईल एवढा. आईच्या पायाशी टाकते. आई, वाच. आधी ते कानातलं का