सुरतहून एकेरी

४ फेब्रु., मंगळ. तळोदा
माझ्या धाकट्या भावाचं, भूषणचं ठरलं. बँकॉक! कंपनीत कॉम्प्युटरवर काम, राहणं-जेवण त्यांचं. आप्पांचं गल्लीभर सांगून झालं, आता उरलेत फक्त म्हशी. विसरवाडीचे दिलीपभाऊ, तेच मुलं परदेशी कामाला पाठवतात, म्हणाले तिकीट तुम्ही काढा, पगारात मिळून जाईल. तिकीट म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघणारच. सासर-माहेर दोन्हीकडची विमानं मीच काढते. हे म्हणतात, "ही भाजीवालीला सोडत नाही, विमानवाल्याला काय सोडणार." नाहीच सोडणार.

६ फेब्रु.
तीन साइट, दोन फोन, एक लॅपटॉप. मुंबईहून महाग, अहमदाबादहून भलत्या वेळी. सुरतहून थेट, घराजवळ. पण सकाळचा भाव दुपारी चढलेला. सारखं बघितलं की त्यांना गरज कळते म्हणे. हिस्टरी पुसली, ह्यांच्या फोनवरून पाहिलं. तेवढाच. मेले.

७ फेब्रु.
अजबच. सुरत–बँकॉक नुसतं जायचं महाग, आणि जाऊन-येऊन स्वस्त! तिन्ही साइटवर तेच. लगेच दि.भाऊंना फोन. म्हटलं परतीचं घेते, नाही वापरलं तर नाही, पैसे तर वाचतात. ते म्हणाले:
"ताई, एकेरीच काढा. परतीना दखाडापुरता कागद आम्ही बनाडी देतस."
अहो पण स्वस्त पडतंय!
"एकेरीच."
ज्याला स्वस्त नको असा माणूस मी अजून पाहिला नव्हता. आणि दाखवण्यापुरता कागद म्हणजे काय?

८ फेब्रु.
भूषणला बोलले तर माझ्यावरच उखडला. "तू कसाले त्यासनं डोकं खास? परत येवानं तिकीट लीसन कोन नोकरीले जास?" मायनेही त्याचीच री ओढली. निघायच्या आधी परतीचं बोललं की काम फिसकटतं म्हणे. आणि हीच माय, कोणी "जातो" म्हटलं तर उंबऱ्यात अडवून "येतो" म्हणायला लावते!
काढलं शेवटी. एकेरी, जास्त पैसे मोजून. मला आवडलेलं नाही.

१५ फेब्रु.
सुरतला सोडून आलो. मायने कळण्याच्या भाकरी दिल्यात, चटणी वेगळी. दि.भाऊ विमानतळाच्या दाराशी आणखी दोन पोरं घेऊन उभे. ती एकमेकांना ओळखत नव्हती. तिघांचे पासपोर्ट त्यांनी उघडून पाहिले, तिघांना ओळीने उभं करून फोटो काढले. पुढून, मग बाजूने. आप्पांना वाटलं आठवणीसाठी. मलाही तसंच वाटू दे म्हटलं.

१७ फेब्रु.
काल पोचला. मेसेज आला, "गाडीत शे, ऑफिस लांब शे." दिवसभर गाडीतच. ऑफिस बँकॉकमध्येच होतं ना? तेवढ्या वेळात माणूस तळोद्याहून पुण्याला पोचून जेवून झोपेल. संध्याकाळपासून फोन बंद.

२५ फेब्रु.
फोन आला एकदाचा. पासपोर्ट कंपनीत जमा. काम कसं? "चांगलं शे." जेवण? "चांगलं शे." एवढा बडबड्या पोरगा. मागे कोणीतरी ओरडलं, तसा मध्येच थांबला आणि ठेवून दिला. आप्पा म्हणाले साहेब असतील.
मी आता उलट्या वाटेची तिकिटं बघत असते. बँकॉक–सुरत. काय स्वस्त मिळतायत! बसणारा माणूसच हातात नाही.

१३ मार्च, होळी
सांजेला भूषणचा फोन. मायशी गोड बोलला, मग म्हणाला ताईला दे. मी आत गेले.
"ताई, चार जन लागतस. चार उनात का मले सोडतीन."
चार आले की कोण सोडतील? कुठे आहेस तू?
"तू तिकीट सस्तं काढस, हाई मी त्यासले सांगेल शे."
भूषण, मी पोलिसात जाते.
"जाशी तं मन्हा फोन येवाव नही." हळू बोलला, वाचून दाखवल्यासारखं.
बाहेर माय नारळ घेऊन होळीकडे निघाली होती. मी ओढणी तोंडात कोंबून रडले. आई गं, काय केलं आपण हे.

१४ मार्च
ह्यांना सांगितलं. म्हणाले आत्ताच्या आत्ता नंदुरबारला जाऊ, पोलिसांच्या मोठ्या साहेबांना भेटू. चप्पल घातली. मग मीच म्हटलं, आणि त्याचं काही केलं तर? चप्पल काढून बसले.
सांजेला दि.भाऊंचा फोन. बोलणं साखरच. "भूषण खूश शे. तुमना गल्लीमां पोऱ्यासनी काय कमी, ताई?" म्हणजे माणसाला सगळं माहीत आहे. मेल्याच्या नरडीला हात घालावासा वाटला. मी "हो, बघते" म्हटलं. हो म्हटलं मी!

१६ मार्च
शेजारच्या शोभावहिनी आल्या. त्यांच्या योगेशला जायचंय. दि.भाऊंनी घर गाठलंय तर. "तुन्हा भाऊनं भलं हुयनं, मन्हा पोऱ्यानं बी कर व माय." मी म्हटलं आत्ता महाग आहे, थांबा. खोटं. भाव पडलाय.

१९ मार्च
वहिनी परत. परत महाग म्हटलं. "अजून कितलं महाग ऱ्हाई?" खरं सांगावं तर वहिनींच्या पोटात काही राहत नाही, सांज व्हायच्या आत विसरवाडीला पोचेल. आणि तिथून पुढे. न सांगावं तर... ह्या बाईने माझ्या बाळंतपणात मला महिनाभर शेक दिलाय.

२१ मार्च
दोघं आलेत, मायलेक. योगेशने स्वतःचा फोन पुढे केला. "ताई, आठे तं सस्तं दखाडी ऱ्हायना. तू म्हनस महाग!" खापर गावचे तीन मित्र त्याने जमवलेत. चौघांचं एकत्र बरं पडतं म्हणतो. मी "थांब, नीट बघते" म्हणत फोन हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात आले. दार लोटलंय.
चार नावं भरून तयार. सुरतहून, एकेरी. थोड्याच जागा शिल्लक, असं तांबड्या अक्षरात येतंय. पैसे भरायचं बटण तेवढं दाबायचं राहिलंय.
दाबलं तर कदाचित भूषण. कदाचित. हे घरी नाहीत. बाहेर वहिनी योगेशला सांगतायत, तठे गया का रोज फोन करजो.
फोन माझ्या हातात गरम झालाय. वहिनी हाक मारतायत, "व ताई, हुई गयं का?"