हलत्या स्टँडवरची पालखी

२२ फेब्रुवारी, रविवार
रोजनिशी एक जानेवारीपासून लिहिणार होतो. वही तेव्हाच आणली. आधी पेन नव्हतं, मग पेन होतं तर मूड नव्हता. असो. आजपासून पक्कं.

मोठी बातमी. माझा मित्र अंबादास, त्याची जिम बंद झाली, तिथला पंचावन्न इंची टीव्ही भांडुपला आमच्या घरी आला.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते आतल्या खोलीत पडून असतात. सात मार्चला गावी देवीची पालखी आमच्या दारात येणार. त्या दिवशी घर उघडं लागतं, ओटी भरायला घरचं माणूस लागतं. कुलूप दिसलं की पालखी पुढच्या घरी जाते. चाळीस वर्षं बाबांनी कुलूप उघडलं. यंदा किल्ली घेऊन मी जायचं ठरलंय.

जाणारच. पण त्याआधी बाबांसाठी झकास सोय. चुलतभाऊ चंद्रप्रकाश गावाहून मोबाइलवर लाइव्ह दाखवणार. टीव्ही बाहेरच्या खोलीत हलत्या स्टँडवर. स्टँडचा हात ओढला की टीव्हीचं तोंड आत बाबांच्या पलंगाकडे, ढकलला की बाहेर बसलेल्या शेजाऱ्यांकडे. आई म्हणाली, खुर्चीवर ठेव ना रे, आणि आधी तिकीट काढ. तिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

२४ फेब्रुवारी
स्टँड आणायला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटला गेलो. गाळा सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी. गेटसमोर पोरांचं क्रिकेट, त्यांना एक माणूस कमी. नाही म्हणणं बरं दिसत नाही. बारा रन काढले. तोवर गाळा बंद.

२६ फेब्रुवारी
स्टँड आणला. तीन सांध्यांचा हात, अगदी माणसासारखा. तासभर नुसता उघडला, मिटला. बाबांनी आतून विचारलं, तिकीट काढलंस मा? म्हटलं, काढतो.

२८ फेब्रुवारी
खालच्या श्यामसुंदर सुताराकडून ड्रिल आणलं. तो म्हणाला, तुमची भिंत चार इंची, हात बाहेर आला की वजन भिंतीला ओढणार, सोमवारी येतो, आधी फळी मारू. म्हटलं, तू फक्त मशीन दे यार. लोकांना आपल्याशिवाय काही होत नाही असं वाटतं.

१ मार्च, रविवार
मोबाइलच्या ॲपवर लेव्हल बघून जागा ठरवली. नेमकी तिथेच गावच्या किल्लीची खुंटी. खुंटी उपटली. किल्ली एकदम सेफ जागी ठेवली.

२ मार्च
ड्रिलचं बिट तुटलं. नवीन आणायला निघालो, वाटेत एक मित्र भेटला, म्हणाला माहुलला फ्लेमिंगो आलेत. आलेत खरे. बिट राहिलं.

३ मार्च
धुळवड. दुकानं बंद. यात माझा दोष नाही.

४ मार्च, संध्याकाळी ६
लागला! सहा भोकं, त्यांत सहा गिट्ट्या, सहा स्क्रू. मिटलेला असताना तर भिंतीचाच वाटतो. शेजारच्या शांताबाई बघून गेल्या. हात अजून ओढलेला नाही, उगाच घाई नको.

आईला धूळ सहन होत नाही, ती उद्या कळव्याला मावशीकडे जातेय. बरंच झालं. डबा शांताबाई देणार, मी गावी गेलो की बाबांकडेही त्याच बघणार.

५ मार्च
आज बस. तिकीट गाडीतच काढणार होतो. किल्ली सापडत नाही. सेफ जागा कुठली ते आठवत नाही. पिठाचा डबा, ड्रिलची पेटी, गादीखाली, सगळीकडे पाहिलं. बस गेली.

बाबांना सांगितलं नाही. ते शांतच होते, पेपर वाचत होते. त्यांना काही कळलेलं नाही, तेवढंच बरं.

चंद्रप्रकाशला फोन केला, कुलूप तोड म्हटलं. तो म्हणाला, तोडलेल्या दारातून देवीला आत घेऊ? घरचा तू ना रे? मी म्हटलं, रेंज जातेय.

६ मार्च
हात ओढला. तिसरा सांधा उघडला आणि भिंतीने गिट्ट्या सोडल्या. टीव्ही छातीवर. खाली ठेवायला वाकता येईना. बाबा आतून, काय झाला? म्हटलं, ॲडजस्टमेंट चाललीय. वीस मिनिटं ॲडजस्टमेंट चालली. शांताबाई डबा घेऊन आल्या तेव्हा सुटलो. भिंतीला पडलेल्या भोकात डबा मावेल.

७ मार्च, सकाळी ९.१०
टीव्ही खुर्चीवर, पाठीला उशी, बाबांच्या पायांसमोर. ही आईची आयडिया नाही. तिने उशी सांगितली नव्हती.

९.४०
लाइव्ह सुरू. ढोल. पालखी शेजारच्या अंगणात आहे, पुढचं घर आमचं. मला बघवेना. बाबांना सगळं सांगून टाकलं, किल्ली हरवली, बस चुकली, आपल्या दाराला कुलूप आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाबा म्हणाले, गप रव आणि बघ.

९.५२
चंद्रप्रकाशचा हात हलतोय, नीट दिसत नाही. आमचं अंगण. सारवलेलं. रांगोळी. दार सताड उघडं. बाबा हात जोडून बसलेत, त्यांना बिलकुल आश्चर्य वाटलेलं नाही. आतून ओटीचं ताट घेऊन कोणीतरी उंबऱ्यावर आलंय. हिरवी साडी, कमरेला आमची किल्ली.

कळव्याला गेलेली आई.