मधूला मारलेली हाक

९ ऑगस्ट २००३, अल्लीपूर
रोजनिशीची सवय नाही. मुख्याध्यापिका असताना वह्यांवर शेरे लिहिले तेवढेच. पण काल इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरून माझ्या भावाच्या, मधूच्या मुलीचा, अनाचा, फोन आला. बाबा गेले, तुमच्यावाचून पुढचं काही होत नाही. दादाला अर्धांगवायू, त्याने जाण्याचा प्रश्न नाही. तो म्हणाला, कुसुम, मधूला घेऊन ये, अग्नी इथेच देऊ. आणि तिथलं सगळं मला नीट सांग. माझ्या स्मरणशक्तीचा आता भरवसा नाही. म्हणून लिहायचं.

मधू कापसाची प्रत ठरवणारा. आधी जावा बेटावरच्या गिरणीत, तिथून बियाणं द्यायला म्हणून सुंब्याला गेला आणि राहिला. आई गेली तेव्हा तार आली होती. त्यानंतर काही नाही.

मुलीला मी पाहिलेलं नाही. फोनवर मराठी बोलली, तीही आमच्या गल्लीतली. "आत्या, येजो."

२० ऑगस्ट, सुंबा
बालीहून लहान विमान, मग ट्रक, शेवटी तट्टू. वाळल्या गवताचे डोंगर. झाड औषधाला नाही. गाव टेकडीच्या माथ्यावर, पाणी खाली झऱ्याला. घरांची छपरं इतकी उंच की कडब्याच्या गंजीवर दुसरी गंज चढवावी. त्या उंच भागात पूर्वज राहतात म्हणे, माणसं त्यांच्या खाली, डुकरं माणसांच्या खाली. अंगणाच्या मध्यभागी दगडी थडगी. त्यांवर मका वाळत घातलेला, पोरं बसलेली. मीही टेकले. दगड उन्हाने तापलेला होता.

दारातच पान-सुपारी. मी खात नाही म्हटलं. अना म्हणाली, "घे आत्या, नाईतर मामा समजंल तू भांडाले आली." विशीची आहे. दात पानाने लाल, कपाळ मधूचं.

विचारलं, अंत्यविधी कधी झाला.
"नाई झाला. बाबा आत हायेत."

आत अंधार, मध्ये चूल. कोपऱ्यात माणूस मांडी घालून बसावा एवढं गाठोडं. कापडावर कापड, तांबड्यात विणलेले घोडे आणि हरणं. पुढ्यात भाताची थाळी, तंबाखू, कपभर कॉफी. कॉफी गरम होती.

वास नव्हता. धूर, आणि बंद गोदामातल्या जुन्या कापसाचा असतो तसा काहीतरी.

केव्हा गेला? "तिसरा पाऊस येईन आता." म्हणजे दोन पावसाळे उलटले. तुमचा नंबर मिळवण्यातच इतका वेळ गेला, म्हणाली. मग गाठोड्याला सांगितलं, बाबा, आत्या आली. थोडं थांबली आणि माझ्याकडे वळली.
"गुडघे लई दुखून राह्यले का, म्हनून बाबा इचारते."

नागपूर सोडल्यापासून दुखतायत. कोणाला बोलले नव्हते.

२१ ऑगस्ट
आज रीत समजली. थडग्याचा दगड कापून तयार आहे, अंगणात पडला आहे. पण माणूस बाहेरचा. त्याच्या रक्ताचं कोणी येऊन 'हा तुमचा' म्हणेपर्यंत त्याला दगडाखाली ठेवता येत नाही. तोवर तो घरातला. त्याला जेवू घालायचं, बोलायचं, नवं कापड गुंडाळायचं. भावजय घराखाली मागावर बसते, तेच विणते. माझ्याशी हातवारे करून बोलते, त्याच्याशी हळू आवाजात.

मी स्पष्ट सांगितलं, त्याला न्यायला आले आहे. एवढ्या लांब शरीर नेता येणार नाही, इथेच अग्नी देऊ, अस्थी मी नेते. अनाने निम्मंच सांगितलं असावं. तिचा मामा, म्हातारा, हसला आणि काही बोलला. काय म्हणतो विचारलं.
"म्हनते, आग लावल्यावर तो बसन कुठं?"



संध्याकाळी शेताकडे गेले. वेचणी चालू. बायकांनी कमरेला कापडाची ओटी बांधलेली, दोन्ही हातांनी वेचतात, बोंडात तूस ठेवत नाहीत. अल्लीपूरच्या बायका वेचतात तसंच. मी पाठमोऱ्या बघितल्या आणि क्षणभर नावं आठवायला लागले.

२३ ऑगस्ट
घडलं ते सरळ लिहिते. दुपारी सगळे झऱ्याला गेले. मी आणि ते गाठोडं. समोर बसले. बोलायचं ठरवलं नव्हतं. आई शेवटपर्यंत वाट बघत होती, तू एक तार केलीस, दादाने दुकान एकट्याने ओढलं, असं सगळं बोलत गेले. शेवटी वर्गात आवाज चढायचा तसा चढला. "मधू, पुरे झालं. ऊठ. चल घरी."

दारात भावजय, डोक्यावर पाणी. तिने भांडं सावकाश खाली ठेवलं. मराठी तिला येत नाही. पण 'चल घरी' तिला कळतं. शेतातून निघताना मधू रोज तेच म्हणायचा, हे मागाहून अनाने सांगितलं.

रात्री जेवताना भावजयीने गाठोड्यापुढे थाळी ठेवली नाही. माझ्या डाव्या हाताला ठेवली.

२४ ऑगस्ट
अना दिवसभर मला टाळत होती. शेवटी मीच दरडावलं.
"तू त्याले बोलावलं, आत्या. तो उठला. आता त्या कपड्यात कोनी नाई."
मूर्खपणा, म्हटलं. शरीर तिथेच आहे.
"हाडं हायेत."
मग हाडं जाळू द्या.
"ने मंग. पन आईले तू सांग. माह्यानं होत नाई."

मामाचं म्हणणं, रिकाम्यावर दगड ठेवला तर तो दुसऱ्या कोणाला तरी ओढतो. आता दोनच मार्ग. मी मधूला घेऊन जावं, किंवा जिने उठवलं तिनेच बसवावं. 'बस, इथंच राह.' माझ्याच भाषेत, माझ्याच तोंडाने.

मी विज्ञान शिकवलं आहे. हे शब्द म्हणायला माझं काय जातं? पण अजून म्हटलेले नाहीत.

२५ ऑगस्ट
डुकरं माझ्या बाजूच्या फळ्यांखाली येत नाहीत. काल तट्टू मला घेऊन चढण चढेना. मामाने खोगीर तपासलं, उतरवलं मला. पायरीवर पोरं माझ्या डावीकडे जागा सोडून बसतात. हा सगळा त्यांच्या समजुतीचा खेळ.

पण आज दुपारी चटईवर पडताना मीच उजवीकडे सरकले. कशासाठी, ते

२६ ऑगस्ट
भावजयीने मागावरचं काम थांबवलं. कोणासाठी विणायचं, म्हणाली असेल. दोन दिवस जेवलेली नाही. अना म्हणाली, "तू त्याले नेलं तं तिचा नवरा कुठंच नाई. ना घरात, ना दगडाखाली."
आणि दादा तिकडे खाटेवर रस्त्याकडे डोळे लावून.

दोघांचंही बरोबर. शाळेत असं भांडण आलं की मी दोघांनाही वर्गाबाहेर काढत असे.

२७ ऑगस्ट
सकाळी आत गेले. भावजय भरली थाळी हातात घेऊन मध्येच उभी, कुठे ठेवायची म्हणून. अना, मामा, दारात निम्मं गाव. मी गाठोड्याकडे तोंड केलं.
"मधू, बस."

सगळे पुढच्या शब्दांसाठी थांबले. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नाही.

मग भावजयीने निम्मा भात गाठोड्यापुढे ठेवला आणि निम्मा माझ्या डाव्या हाताला. मामा काही पुटपुटला. अनाने सांगितलं, "म्हनते, एवढ्यावर दगड बसते का, पाहू."

२८ ऑगस्ट
दगड बसला. बसताना जराही आवाज आला नाही.
निघताना अनाने मधूचा चष्मा दिला, भावजयीने दोन पानं. एक माझ्या हातात. दुसरं माझ्या शेजारी धरून थोडा वेळ थांबली, मग तेही माझ्याच हातात.

३ सप्टेंबर, अल्लीपूर
हिंगणघाटहून शेवटची बस. बाजूचं सीट रिकामं, गर्दी असून कोणी बसलं नाही. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली, मी दुसरं परत केलं नाही.

दादाने विचारलं, "आणलं का त्याले?" बोलत माझ्याशी होता, पाहत माझ्या डावीकडे होता. अर्धांगानंतर त्याची नजर तशीच जाते.
सगळं सांगितलं, क्रमाने. ऐकून म्हणाला, "मंग आता हाये कुठं तो?"

देण्याघेण्याची नोंद: सुंब्यात भावजयीच्या हवाली, मधूचं शरीर आणि 'बस' हा शब्द. तिच्याकडून मला, अर्धवट विणलेलं एक कापड. दादाच्या हवाली मधूचा चष्मा. त्याने तो घड्याळाशेजारी ठेवला आहे.
'इथंच राह' हे दोन शब्द अजून माझ्याकडेच. कोणालाही दिलेले नाहीत.