नव्या काठीचा नेम

सेलू, ४ जानेवारी २०२५

ती. भूपेंद्रमामांना समीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन केला असता, पण घरात बाबांचे कान माझ्याच फोनकडे असतात. तुम्ही दिलेली स्नूकरची नवी काठी देखणी आहे, पण माझ्याशी वैर धरून बसली आहे. सरळ फटका ठीक बसतो. पांढऱ्या चेंडूला बाजूने मारलं की नेम चुकलाच. तुमच्या जुन्या काठीवर असं कधी झालं नाही.

एकोणीस तारखेला नागपूरला निवड स्पर्धा आहे. हरले तर खेळ बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास सुरू, असं बाबांनी बजावलंय. मामा, मला खरंच भीती वाटते. लवकर लिहा, आणि हसू नका.

तुमची लाडकी (असं मामी म्हणते),
समीक्षा

पुलगाव, ८ जानेवारी

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

हसलो, पण थोडंच. काठीला बोल लावू नकोस. जुनीचं टोक जाड आणि जड. बाजूने मारलं की पांढरा चेंडू उलट्या बाजूला ढकलला जायचा. म्हणून तू आधी मधोमध नेम धरून, पुढच्या हाताचा पंजा चेंडूजवळ टेकवून, काठी धरलेला मागचा हात बाजूला वळवायला शिकलीस. ढकलणं आणि वळवणं एकमेकांना खाऊन टाकायची. नवीचं टोक बारीक, हलकं. ती फारशी ढकलत नाही, तुझं वळवणं मात्र तेवढंच राहिलं, म्हणून नेम चुकतो. पंजा चांगला चार बोटं मागे टेकव, वळण आपोआप कमी होईल.

घाबरलीस की तुझा पंजा पुढे सरकतो, तेवढं सांभाळ. भाऊजींशी भांडू नकोस. आईला माझी आठवण सांग आणि जेवत जा.

तुझा मामा,
भूपेंद्र

सेलू, २० जानेवारी

भूपेंद्ररावांना सप्रेम जयभीम.

समीक्षाला लिहिलेलं तुमचं पत्र आधी मीच फोडून वाचलं होतं. चिडलो होतो तुमच्यावर. पोरीचं नोकरीचं वय, आणि तुम्ही तिला काठ्या देता! काल मुद्दाम तिच्यासोबत गेलो, हरताना डोळ्यांनी बघावी म्हणून.

शेवटी फक्त काळा चेंडू उरला. तो गेला की निवड पक्की. ती वाकली, आणि तिचा पंजा पुढे सरकायला लागला. मला दिसलं, भूपेंद्रराव! ओरडू नये म्हणून मी तोंडात रुमाल कोंबला. चेंडू पॉकेटच्या कडेला लागून परत आला.

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना ती म्हणाली, उद्यापासून क्लासला जाते. मी म्हणालो, क्लासले जाजो, पण पुढच्या वर्षी पंजा मांगंच ठेवजो. तेव्हा कुठे ती रडली.

माझ्यावर राग असेल तर तो घेऊनच रविवारी जेवायला या.

आपला,
रत्नदीप